अर्धी गोळी

बायको: सांगायचं नाही. विषय संपला.

नवरा: अगं, पण डॉक्टर आत्ता येतील, विचारतील. मघाशी व्हरांड्यात मला विचारलंच त्यांनी, घरी दुसरं काही औषध चालू आहे का म्हणून.

बायको: मग काय सांगितलंत?

नवरा: म्हटलं, विचारून सांगतो.

बायको: कोणाला विचारून?

नवरा: हेच त्यांनीही विचारलं.

बायको: धन्य आहे. जन्मभर वजनमापं खात्यात काढलात. दुकानदार तुम्हाला बघून तराजू पुसायला लागायचे. आणि एका डॉक्टरणीपुढे साधं 'नाही' म्हणता येत नाही?

नवरा: माझी नोकरी लबाडी पकडायची होती. करायची नव्हती.

बायको: हळू बोला. मध्ये पडदा आहे, भिंत नाही.

नवरा: पलीकडची कॉट रिकामी आहे. मी बघून घेतलंय.

बायको: तरी हळू. आणि ती वायर सोडा. तुम्ही हात लावलात की मशीन ओरडतं.

नवरा: मशीन माझ्यामुळे नाही ओरडत. तुझे ठोके पन्नासच्या खाली गेले की ओरडतं. मी इतका वेळ तेच बघतोय. सकाळी तू पडलीस तेव्हापासून.

बायको: पडले नाही. चक्कर आली.

नवरा: वजनकाट्यावर चढलीस आणि थेट फरशीवर गेलीस. त्याला पडणं म्हणतात.

बायको: आणि तुम्ही शेजारी उभे होतात. धरायला काय झालं होतं?

नवरा: मी काट्याकडे बघत होतो.

बायको: बायको कोसळतेय, आणि हे काटा बघतायत.

नवरा: तो शून्यावर येत नव्हता. सलाइनमधलं औषध तुझ्या वजनावर ठरवतात ना, काटाच खोटा असला तर औषध कमीजास्त होईल, असं मनात आलं. नर्सला सांगायला वळलो तर तू नव्हतीसच.

बायको: घाबरलात?

नवरा: नाही.

बायको: नर्स म्हणाली, माझ्याआधी तुम्हाला पाणी द्यावं लागलं.

नवरा: तिला काय, काहीही बोलते.

बायको: हे बघा, आपण काय ठरवलं होतं? ही गोष्ट आपल्या दोघांतच राहील. लेकीला नाही, जावयाला नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही.

नवरा: ठरवलं तेव्हा तू उभी होतीस. आता आडवी आहेस. आणि त्या काय म्हणाल्या ते ऐकलंस का नीट? म्हणाल्या, ठोके इतके मंद कशाने झाले ते कळत नाहीये. कॅन्सरच्या या औषधाने कधी कधी हृदयाला त्रास होतो. तसं असेल तर आजचं सलाइन द्यायचं नाही. हृदयाच्या डॉक्टरांचं तर म्हणणं पडलं की हे औषध बंदच करा, दुसरं द्या. दुसरं म्हणजे कसलं, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, दुसरं इतकं जोरकस नाही.

बायको: मग देऊ देत दुसरं.

नवरा: काय बोलतेस तू? ऑपरेशनच्या आधी गाठ लहान व्हायला पाहिजे. ती लहान होतेय. आणि जे औषध लागू पडतंय, तेच ते काढून घेणार आहेत. का, तर तुझे ठोके मंद झालेत म्हणून. आणि ठोके का मंद झालेत ते या खोलीत दोघांनाच माहीत आहे, आणि ते दोघं तोंडाला कुलूप लावून बसलेत.

बायको: लागू काय पडतंय, ते तुम्हाला कुठे माहीत आहे?

नवरा: म्हणजे?

बायको: सलाइन सगळ्यांनाच मिळतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत त्या विणकामवाल्या बाई बसायच्या ना? तीच गाठ, त्याच बाजूला. तेच सलाइन, तीच नर्स. माझ्यापेक्षा तब्येतीने धडधाकट. मला म्हणायच्या, सगळं आटोपलं की मला गाडी शिकवा. गेल्या वेळी बघितलं, तर खुर्चीत दुसरंच कोणीतरी.

नवरा: दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या असतील.

बायको: विणकाम इथेच आहे त्यांचं. नर्सने कपाटात ठेवलंय. अर्धा स्वेटर.

नवरा: तू हे मला सांगितलं नाहीस.

बायको: तुम्हाला सांगून काय करू? तुम्हालाच धरायला लागलं असतं. मी आपली घरी येऊन विचार करत बसले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? एकच. मला घरी रोज सकाळी अर्धी गोळी मिळते, त्यांना मिळत नव्हती. बाकी सगळं सारखं. आता ती गोळी तुम्ही या डॉक्टर मुलीला सांगणार, आणि ही मुलगी ती बंद करणार. मी सांगते ना, मला ओळखते ती आणि मी तिला. माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकली. समोर कुत्रं दिसलं तरी आधी ब्रेक, मग विचार.

नवरा: कुत्रं दिसल्यावर ब्रेकच लावतात.

बायको: लांब, फुटपाथवर बसलेलं असलं तरी?

नवरा: चूक माझी आहे. मी ते तुला वाचूनच दाखवायला नको होतं.

बायको: वाचलंत ते बरं केलंत. 'हृदयाच्या गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगात आयुष्य वाढते.' पाठ झालंय मला.

नवरा: त्यात पुढे एक होतं.

बायको: काय?

नवरा: प्रश्नचिन्ह.

बायको: कुठे?

नवरा: शेवटी. 'आयुष्य वाढते', आणि मग प्रश्नचिन्ह.

बायको: तुम्ही ते वाचलं नाहीत.

नवरा: प्रश्नचिन्ह मोठ्याने कसं वाचणार? आणि तू तेव्हा माझ्याकडे अशी बघत होतीस की, म्हटलं, असू दे.

बायको: असू दे.

नवरा: त्या दिवशी तुझे केस पहिल्यांदा उशीवर राहिले होते. तू काही बोलली नव्हतीस. मी पेपर उघडला, तर समोर तेच. आणि मी घेतो तीच गोळी. मला वाटलं, आपण वर्षानुवर्षं चहा अर्धा-अर्धा करतो, पेपर अर्धा-अर्धा वाचतो, तर हे का नको? नवं ब्लेड आणलं. लेकीच्या लहानपणच्या डॉक्टरी खेळातला तराजू शोधून काढला, तपासून घेतला. गोळी केली ती बरोब्बर निम्मी केली. एक कण इकडचा तिकडे नाही.

बायको: त्याचं तुम्हाला भारी कौतुक.

नवरा: बाकी काहीच माझ्या हातात नव्हतं गं.

बायको: चूप. आली ती. चप्पल ओळखते मी तिची. एक शब्द बोलायचा नाही, सांगून ठेवते.

(पडदा सरकतो. डॉक्टर आत येतात.)

डॉक्टर: मॅडम, कसं वाटतंय आता?

बायको: ठणठणीत. सलाइन लाव आणि सोड आम्हाला. जेवायच्या वेळेला घरी पोचलं पाहिजे.

डॉक्टर: नाही लावता येणार आज. हृदयाची सोनोग्राफी बघितली मी. पंप ठीक आहे, तिथे काही बिघाड दिसत नाही. पण ठोके मंद आहेत, ब्लडप्रेशर खाली आहे आणि तुम्ही पडलात. कारण सापडत नाही, तोवर मी हे औषध तुमच्या अंगात सोडू शकत नाही.

बायको: तू पूर्वीपासून घाबरट.

डॉक्टर: आहे. आणि आज जास्त घाबरलेय, खरं सांगते. कारण गाठ छान आटतेय. हे औषध अर्ध्यावर सोडायचं माझ्या जिवावर आलंय. म्हणून शेवटचं विचारते. घरी काही घेता? कोणी दिलेला काढा, पावडर, शेजारणीने सुचवलेलं काही?

बायको: काही नाही.

डॉक्टर: झोपेची गोळी? डोळ्यांत घालायचे थेंब? थेंबांनीसुद्धा ठोके कमी होतात कधी कधी.

बायको: नाही म्हटलं ना.

डॉक्टर: काका?

नवरा: मी काय सांगणार? मी आपला...

डॉक्टर: काका, तुम्हाला एवढा घाम का आलाय?

बायको: त्यांना येतो. जिना चढून आले.

डॉक्टर: जिना चढून काही तास झाले, मॅडम. काका, बसा त्या कॉटवर. हात द्या इकडे. नाडी किती धावतेय तुमची. तुम्हाला हृदयात स्टेंट बसवलाय ना? गोळ्या नियमित घेता?

नवरा: घेतो. रोज घेतो.

डॉक्टर: मग ही अशी कशी पळतेय?

नवरा: डॉक्टर, एक विचारू? समजा एखाद्या माणसाने... म्हणजे दुसऱ्याच एखाद्या माणसाने...

बायको: अहो.

नवरा: समजा त्याने आपल्या बायकोला...

बायको: मी परत बोलणार नाही तुमच्याशी, लक्षात ठेवा.

नवरा: नको बोलूस. जगून न बोललीस तरी चालेल मला. डॉक्टर, मी हिला रोज गोळी देतोय. ठोके आवरायची. ती, बीटा ब्लॉकर म्हणतात ती. अर्धी. पेपरात आलं होतं, कॅन्सरला बरी म्हणून. ही पडली ती त्यानेच पडली. तुमच्या औषधाने नाही. तुमचं औषध बंद करू नका. काय करायचं ते मला करा.

डॉक्टर: केव्हापासून?

नवरा: केस गेले तेव्हापासून.

डॉक्टर: आज सकाळीही?

नवरा: आज सकाळीही. चहाबरोबर.

डॉक्टर: थांबा जरा. मला बसू द्या.

बायको: झालं समाधान? आता ती बंद करणार. आणि गाठ वाढली की मग बसा दोघं एकमेकांकडे बघत.

डॉक्टर: मॅडम, तुम्ही माझ्यावर नंतर रागवा. काका, ही गोळी तुम्हाला चिठ्ठीशिवाय दिली कोणी?

बायको: कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने. ओळखीचा आहे. एक पाकीट जास्तीचं दिलं त्याने.

नवरा: नाही दिलं.

बायको: तुम्हीच म्हणालात, दिलं म्हणून.

नवरा: मागितलं होतं. तो म्हणाला, चिठ्ठी आणा. मी त्याचा वजनकाटा एकदा जप्त केला होता, तो अशाच दिवसाची वाट बघत होता.

बायको: मग गोळ्या कुठून येत होत्या?

नवरा: घरातूनच.

बायको: घरातून म्हणजे कुठून?

नवरा: माझ्या डबीतून. मला रोज एक असते ना.

बायको: आणि तुम्ही काय घेत होतात?

नवरा: सांगितलं ना. निम्मी-निम्मी. उरलेली निम्मी मी घेत होतो.

बायको: मला वाटलं, ब्लेड कशाला, तर मला पूर्ण झेपणार नाही म्हणून. दुसरी निम्मी उद्यासाठी ठेवताय, असं मी धरून चालले होते.

नवरा: तू विचारलं नाहीस.

बायको: म्हणून तुम्ही खुर्चीत बसून झोपायला लागलात. म्हणालात, उशी वाईट निघाली.

नवरा: उशी खरंच वाईट आहे.

बायको: मी नवी आणली तुम्हाला. आणि जिन्यात प्रत्येक वळणावर वाकून बुटाची नाडी बांधत होतात. मी वर उभी राहून ओरडायचे, काय हा वेंधळेपणा म्हणून. अहो, तुम्ही चपला घालता.

नवरा: ते तुझ्या लक्षात येईल अशी भीती होती मला.

बायको: आलं नाही. मी माझ्यातच होते. ए पोरी, बघतेस काय नुसती? यांना तपास आधी. मला राहू दे.

डॉक्टर: तपासतेच आहे. नर्सला सांगितलंय, दुसरं मशीन येतंय. काका, आडवे व्हा. छातीत दुखतं का?

नवरा: थोडं. चढताना. म्हणजे चालताना पण.

डॉक्टर: स्टेंट असलेल्या माणसाने ही गोळी आपल्या मनाने कमी करायची नसते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं कोणी?

नवरा: सांगितलं होतं. पण ती माझ्यापुरती गोष्ट होती.

डॉक्टर: त्या कॉटवर पुरुष पेशंट ठेवायची परवानगी नाही मला. पण आज तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर पाठवायची माझीच हिंमत नाही. इथेच राहा. काढा तो शर्ट.

बायको: मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. पेपरातलं ते खरं की खोटं?

डॉक्टर: खरं म्हणता येत नाही आणि खोटंही म्हणता येत नाही, मॅडम. ज्या बायका आधीपासूनच, हृदयासाठी म्हणून, या गोळ्या घेत होत्या, त्यांच्यातल्या काहींना या आजारात जरा बरे दिवस मिळाले, असं काही ठिकाणी दिसलं. दुसऱ्या ठिकाणी बघितलं तर काहीच फरक नाही. गोळीने झालं की आणखी कशाने, ते ठरलेलं नाही. लोक शोधतायत.

बायको: म्हणजे असेलही.

डॉक्टर: असेलही.

बायको: मग माझी गाठ कशाने आटली? तुझ्या सलाइनने की यांच्या गोळीने?

डॉक्टर: सलाइनने, असं मला वाटतं.

बायको: वाटतं.

डॉक्टर: हो. माझ्याकडे तेवढंच आहे. त्या गोळीने काय केलं ते मात्र समोर दिसतंय. तुम्हाला फरशीवर पाडलं आणि यांना इथे झोपवलं. तुमच्याकडे एक गोळी होती, ती ज्याची होती त्यालाही पुरी पडली नाही.

बायको: त्या विणकामवाल्या बाईंना पण हेच सलाइन होतं.

डॉक्टर: हो.

बायको: पुढे काही बोलणार नाहीस?

डॉक्टर: दुसऱ्या पेशंटबद्दल मला बोलता येत नाही. आणि बोलता आलं असतं तरी, त्यांचं तसं का झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी पण ते कपाट उघडायचं टाळते, मॅडम.

बायको: बरं. बंद कर गोळी.

नवरा: अगं...

बायको: तुम्ही गप्प पडा, हलू नका. हिच्या मशीनची सुई नीट चालू दे. बंद कर म्हटलं ना मी. यांच्या छातीतलं काढून मला नको. ते लागू पडत असलं तरी नको. आणि सलाइन?

डॉक्टर: गोळीचा अंमल उतरू द्यायचा. तोवर मशीनवर राहा. ठोके वर आले, पुन्हा एकदा सगळं तपासलं, की सलाइन लावू. हेच औषध. बदलणार नाही मी. हृदयाच्या डॉक्टरांशी मी भांडेन.

बायको: तू भांडशील?

डॉक्टर: घाबरत घाबरत भांडेन. काका, तुमच्या ठोक्यांची पट्टी काढली मी. मोठं काही झालेलं दिसत नाही, पण रक्त तपासायला पाठवतेय. आज घरी जायचं नाव काढायचं नाही. ही तुमची गोळी. ही पूर्ण आहे.

नवरा: आत्ता घेऊ?

डॉक्टर: माझ्यासमोर.

बायको: पाणी दे त्यांना. आणि तोंड उघडून बघ. गालात ठेवतील ते.

नवरा: आ...

डॉक्टर: गेली. मी अहवाल घेऊन येते. मॅडम, लेकीला मी कळवू का?

बायको: कळव. म्हणावं, आई-बाबा दोघंही एकाच खोलीत आहेत, येताना वेगवेगळं रडू नकोस.

नवरा: गेल्या का त्या?

बायको: गेली.

नवरा: बोलणार आहेस माझ्याशी?

बायको: नाही.

नवरा: बरं.

बायको: दुखतंय का अजून?

नवरा: कमी आहे. तुला?

बायको: मला काय दुखायचंय. मला नुसती भीती वाटतेय. रोज सकाळी ती गोळी जिभेवर ठेवली की वाटायचं, आपल्याकडे काहीतरी आहे. कोणाकडे नाही असं. आता मी पण सगळ्यांसारखी.

नवरा: मला पण ब्लेड हातात घेतलं की बरं वाटायचं.

बायको: तुम्ही गेला असता तर, अहो? मी तिथे खुर्चीत सलाइन लावून बसले असते, आणि तुम्ही जिन्यात.

नवरा: तो विचार मी केला होता.

बायको: मग?

नवरा: फार लांबवर नाही केला.

बायको: काहीतरी बोला. गप्प राहू नका. खोटं बोललात तरी चालेल.

नवरा: खोटं सुचत नाहीये. मशीन बघू का? तुझं मशीन माझ्याकडे तोंड करून ठेवलंय त्यांनी.

बायको: काय दिसतंय?

नवरा: हळू आहे. पण मघापेक्षा बरं. ओरडत नाहीये.

बायको: तुमचं माझ्याकडे आहे.

नवरा: ते कसं आहे?

बायको: धावतंय अजून. थोडं कमी झालंय.

नवरा: खरं सांगतेस?

बायको: खरं सांगतेय. तुम्ही डोळे मिटा जरा. मी बघतेय.